इन्सुलिनमध्ये खंड नको : मधुमेही रुग्ण, त्याचे कुटुंब आणि औषधाचा हिशेब

(मधुमेह बाह्यरुग्ण विभागातर्फे)

वार्षिक अहवालात वर्षभरात तपासलेल्या रुग्णांची संख्या असते, शस्त्रक्रियांची संख्या असते, जमाखर्च असतो. न आलेल्या रुग्णांची नोंद मात्र सहसा कोठेच नसते. इन्सुलिनवर अवलंबून असलेल्या मधुमेही रुग्णांच्या बाबतीत ही न आलेल्यांची नोंदच अधिक महत्त्वाची आहे, हे आमच्या विभागाला एका तेरा वर्षांच्या मुलीने शिकविले. तो अनुभव आणि त्यातून घेतलेला धडा विश्वस्त, देणगीदार व रुग्णांचे नातेवाईक यांच्यासमोर ठेवण्यासाठी हा लेख लिहिला आहे.

एका चुकलेल्या हिशेबाची गोष्ट

ही मुलगी ऊसतोड कामगारांच्या कुटुंबातील. तिला पहिल्या प्रकारचा मधुमेह आहे. दिवसातून दोन वेळा मिळून तिला ३० युनिट इन्सुलिन लागे. दसऱ्याच्या आधी ती आईसोबत तपासणीसाठी आली. साखर बरी होती, वजन वाढले होते, सुई टोचण्याची पद्धत आईने अचूक करून दाखविली. आम्ही समाधानाने तिला इन्सुलिनच्या तीन बाटल्या दिल्या आणि पुढची तारीख लिहून दिली. दिवाळीनंतर कुटुंब साखर कारखान्याच्या परिसरात ऊसतोडणीस गेले.

एका बाटलीत ४०० युनिट असतात. तीन बाटल्या म्हणजे १२०० युनिट, म्हणजे रोज ३० युनिटप्रमाणे ४० दिवस. तोडणीचा हंगाम पाच महिन्यांचा. हा हिशेब चौथीतल्या मुलालाही करता आला असता. आम्ही तो केला नाही. त्या कुटुंबाने मुकादमाकडून उचल घेतलेली होती आणि मध्येच गावी परतणे त्यांना शक्य नव्हते. आईने मध्यंतरी एक बाटली विकत घेतली. पुढे हातात पैसे नसताना तिने शेवटची बाटली पुरवून वापरायचे ठरविले आणि मुलीचा डोस निम्मा केला. काही दिवसांनी मुलीला उलट्या सुरू झाल्या, पोटात दुखू लागले, श्वास जोरजोराने व खोल चालू लागला. 'जेवत नाही, मग इन्सुलिन तरी कशाला' असे वाटून तेही थांबविले गेले. अर्धवट शुद्धीत तिला जवळच्या शहरातील रुग्णालयात नेले. चार दिवस अतिदक्षता विभागात राहून ती वाचली.

चैत्रात गावी परतल्यावर आईने हे सर्व आम्हांला सांगितले. तिच्या बोलण्यात तक्रार नव्हती. 'साहेब, मी वाचवत होते,' एवढेच ती म्हणाली. त्या चार दिवसांसाठी मुकादमाकडून जी वाढीव रक्कम घ्यावी लागली, तीत मुलीचे संपूर्ण हंगामाचे इन्सुलिन येऊन वर पैसे उरले असते. आम्ही त्या माउलीला सुई, आहार, स्वच्छता सारे शिकविले होते. 'पुढचे सहा महिने तुम्ही कोठे असणार आणि तेथे इन्सुलिन कोठून मिळणार?' हा एकच प्रश्न विचारला नव्हता.

इन्सुलिन हे औषध की अन्न?

मधुमेहाचे वर्णन आपल्या आयुर्वेदाच्या ग्रंथांत प्रमेहाच्या प्रकारांत आढळते. परंतु त्यावर नेमका उपाय सापडण्यास विसावे शतक उजाडावे लागले. १९२१ साली कॅनडातील टोरांटो विद्यापीठात फ्रेडरिक बँटिंग व चार्ल्स बेस्ट यांनी मॅक्लिऑड यांच्या प्रयोगशाळेत स्वादुपिंडातून हा स्राव वेगळा केला. कॉलिप यांनी तो शुद्ध केला. जानेवारी १९२२ मध्ये लिओनार्ड थॉम्प्सन या चौदा वर्षांच्या मुलाला तो प्रथम टोचण्यात आला. त्यापूर्वी अशा मुलांना उपासमारीचा आहार देऊन काही महिने जगविणे, एवढेच वैद्यांच्या हाती होते. संशोधकांनी या शोधाचे पेटंट प्रत्येकी एक डॉलर एवढ्या नाममात्र मोबदल्यात विद्यापीठाच्या स्वाधीन केले. बँटिंग यांचा जन्मदिवस, १४ नोव्हेंबर, हा जागतिक मधुमेह दिन म्हणून पाळला जातो. ज्या औषधाचा हक्क केवळ एका डॉलरला दिला गेला, ते शंभर वर्षांनंतरही एखाद्या आईला थेंबाथेंबाने पुरवून वापरावे लागते, हे आपण सर्वांनी लक्षात ठेवण्यासारखे आहे.

पहिल्या प्रकारच्या मधुमेहात स्वादुपिंडातील इन्सुलिन तयार करणाऱ्या पेशी नष्ट झालेल्या असतात. अशा रुग्णाला इन्सुलिन हे अन्नपाण्याइतकेच आवश्यक आहे. ते थांबले की शरीर चरबी जाळू लागते, रक्तात कीटोन नावाची आम्ले साठतात आणि एकदोन दिवसांत जिवावर बेतते. दुसऱ्या प्रकारच्या मधुमेहात, जो आपल्याकडे फार मोठ्या प्रमाणात आढळतो, शरीरात इन्सुलिन असते पण पुरेसे काम करीत नाही. अशा रुग्णांना वर्षानुवर्षे गोळ्या पुरतात आणि काहींना पुढे इन्सुलिन लागते. त्यांच्या बाबतीत खंड पडल्याचा परिणाम सहसा सावकाश होतो. म्हणूनच तो अधिक फसवा असतो. डोळ्यांचा पडदा, मूत्रपिंडे आणि पायांच्या नसा यांवर साखरेचा घाला आवाज न करता पडत असतो.

नियमित उपचारांचे फळ काय, याचे उत्तर अमेरिका व कॅनडातील १,४४१ रुग्णांच्या दीर्घ अभ्यासाने १९९३ साली दिले. पहिल्या प्रकारच्या ज्या रुग्णांनी साखर काटेकोरपणे आटोक्यात ठेवली, त्यांच्यात डोळ्यांच्या विकारांचा धोका सुमारे ७६ टक्क्यांनी, मूत्रपिंडांच्या विकारांचा ५० टक्क्यांनी व मज्जातंतूंच्या विकारांचा ६० टक्क्यांनी कमी झाला. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार आपल्या देशात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे. यांतील ज्यांना इन्सुलिन लागते, त्यांना ते अखंड मिळणे हा म्हणूनच केवळ एका घराचा प्रश्न राहत नाही.

'एकदा इन्सुलिन सुरू झाले की सुटत नाही, त्याची सवय लागते' हा गैरसमज अजूनही दृढ आहे. इन्सुलिनचे व्यसन लागत नाही. गरोदरपणात, मोठ्या शस्त्रक्रियेच्या वेळी किंवा तीव्र जंतुसंसर्गात दुसऱ्या प्रकारच्या रुग्णाला ते काही काळापुरते लागते आणि नंतर थांबविताही येते. पहिल्या प्रकारात ते आयुष्यभर लागते, कारण शरीर ते तयारच करीत नाही.

हिशेब युनिटांत मांडावा

किराणा भरताना आपण महिन्याला किती ज्वारी, किती तेल लागेल याचा अंदाज करतो. इन्सुलिनचाही तसाच करावा. त्यासाठी बाटल्या मोजू नयेत, युनिट मोजावेत.

आपल्याकडे बाटलीतील मानवी इन्सुलिन बहुधा दर मिलिलिटरला ४० युनिट या तीव्रतेचे असते. १० मिलिलिटरच्या बाटलीत ४०० युनिट. पेनमध्ये घालावयाच्या कार्ट्रिजमधील इन्सुलिन दर मिलिलिटरला १०० युनिट असते. ३ मिलिलिटरच्या कार्ट्रिजमध्ये ३०० युनिट. ज्या रुग्णास रोज ४० युनिट लागतात, त्याला ३० दिवसांत १,२०० युनिट लागतील, म्हणजे तीन बाटल्या किंवा चार कार्ट्रिज. वर्षाला हेच १४,६०० युनिट, म्हणजे सुमारे ३७ बाटल्या होतात. कोणते इन्सुलिन स्वस्त, हे पाहताना छापील किमतीला एकूण युनिटांनी भागावे. मगच खरी तुलना होते.

या हिशेबात दोन गोष्टी धरावयाच्या राहून जातात. पहिली, पेन वापरताना सुई बसविल्यावर दर वेळी साधारण २ युनिट हवेत सोडून पाहावे लागतात. दिवसातून दोन वेळा टोचणाऱ्याचे महिन्याला १२० युनिट यात जातात. ही उधळपट्टी नव्हे. सुईत हवा राहून डोस कमी पडू नये म्हणून ते आवश्यक आहे. परंतु खरेदीत ते धरले पाहिजेत.

दुसरी गोष्ट, एकदा उघडलेली बाटली किंवा कार्ट्रिज साधारणतः चार आठवड्यांनंतर वापरू नये. (निरनिराळ्या उत्पादनांची मुदत थोडी वेगळी असते, वेष्टनातील पत्रक पाहावे.) ज्या वृद्ध रुग्णास रात्री केवळ १० युनिट लागतात, तो २८ दिवसांत २८० युनिट वापरतो. ४०० युनिटांच्या बाटलीतील १२० युनिट त्याला फेकून द्यावे लागतात. ३०० युनिटांच्या कार्ट्रिजमध्ये चाचणीचे २ युनिट धरले तर काहीच उरत नाही, उलट ते २५ दिवसांत संपते. म्हणून कमी डोस असणाऱ्याला बाटली स्वस्त पडेलच असे नाही आणि जास्त डोस असणाऱ्याला पेन सोयीचे असले तरी परवडेलच असे नाही. हा हिशेब प्रत्येकाचा वेगळा आहे. तो आमच्या परिचारिकांकडून करून घ्यावा. त्यात संकोच वाटून घेऊ नये.

काटकसर कोठे करावी, कोठे करू नये

पैसे वाचविण्याची इच्छा रास्त आहे. रुग्णाने आपल्या अडचणी मोकळेपणाने सांगितल्या तर डॉक्टरांना पुष्कळ वाटा काढता येतात.

पहिली वाट इन्सुलिनच्या निवडीची. नव्या पिढीची, म्हणजे ॲनालॉग इन्सुलिने सोयीची असली तरी महाग असतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ मध्ये दिलेल्या मार्गदर्शनानुसार प्रौढ रुग्णांसाठी प्रथम मानवी इन्सुलिनचा विचार करावा आणि साखर वारंवार धोकादायकरीत्या उतरत असेल तर दीर्घकाळ काम करणाऱ्या ॲनालॉगचा विचार करावा. आपल्या देशात मानवी इन्सुलिनच्या कमाल किमतीवर राष्ट्रीय औषध मूल्य निर्धारण प्राधिकरणाचे नियंत्रण आहे. २०२२ च्या राष्ट्रीय अत्यावश्यक औषध सूचीत ग्लार्जिन या दीर्घकालीन इन्सुलिनचाही समावेश झाला. तथापि एका प्रकारातून दुसऱ्या प्रकारात जाताना डोस व वेळ दोन्ही बदलतात. औषध दुकानदाराने 'तेच आहे' म्हणून दिलेले वेगळे इन्सुलिन डॉक्टरांना विचारल्याशिवाय टोचू नये. आपल्या वहीत केवळ कंपनीचे नाव न लिहिता इन्सुलिनचा प्रकार, तीव्रता व मात्रा लिहून ठेवावी. एखादे उत्पादन बाजारातून नाहीसे झाले तरी पर्याय शोधता येतो.

दुसरी वाट तपासणीच्या पट्ट्यांची. दिवसातून चार वेळा साखर तपासणाऱ्या कुटुंबाचा पट्ट्यांवरचा खर्च मानवी इन्सुलिनच्या खर्चापेक्षा अधिक होतो, याची पुष्कळांना कल्पना नसते. २२ सप्टेंबर २०२५ पासून ग्लुकोमीटर व पट्ट्यांवरील वस्तू व सेवा कर १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला, हा थोडा दिलासा आहे. यंत्र घेताना त्याच्या किमतीपेक्षा पट्टीची किंमत पाहावी. यंत्र एकदाच घेतो, पट्टी रोज लागते. दुसऱ्या प्रकारचा जो रुग्ण रात्री एकदाच इन्सुलिन घेतो, त्याने आठवड्यातून काही दिवस सकाळी उपाशीपोटी पाहिलेली साखर ही मनाला येईल तेव्हा केलेल्या अनेक तपासण्यांपेक्षा उपयोगी असते. पहिल्या प्रकारच्या मुलांना मात्र पट्ट्यांत कपात करता येत नाही. तेथे मदतीची गरज खरी आहे.

तिसरी गोष्ट टोचण्याच्या जागेची. एकाच ठिकाणी वारंवार टोचल्याने त्वचेखाली मऊ गाठी होतात. तेथे दुखत नाही म्हणून रुग्ण पुन्हा तेथेच टोचतो. पण त्या गाठींतून इन्सुलिन नीट शोषले जात नाही आणि डोस वाढत जातो. पोट व मांड्या यांवर रोज जागा बदलून टोचल्यास पुष्कळदा कमी इन्सुलिन पुरते. गाठी सोडून नव्या जागी टोचण्यास आरंभ करताना साखर एकदम उतरू शकते, म्हणून हा बदल डॉक्टरांना सांगून करावा. यासाठी एक पैसाही खर्च होत नाही.

आता जेथे काटकसर मुळीच करू नये, त्या गोष्टी. इन्सुलिनचा डोस मनाने कमी करू नये. मुदत संपलेले किंवा गोठून गेलेले इन्सुलिन वापरू नये. सिरिंज, सुई अथवा पेन दोघांनी मिळून कधीही वापरू नये. सुई बदलली तरी पेन दुसऱ्याला देऊ नये. सुई एकदाच वापरावयाची असते. वापरलेल्या सुया जाड प्लास्टिकच्या झाकणाच्या बाटलीत जमा करून रुग्णालयात आणून द्याव्यात. कचरा वेचणाऱ्या बाईच्या हाताला त्या लागू नयेत.

लाल टोपण आणि नारिंगी टोपण

सिरिंजची चूक ही आमच्या पाहण्यात वारंवार येते आणि ती प्राणघातक ठरू शकते. ४० युनिट तीव्रतेच्या इन्सुलिनसाठी लाल टोपणाची सिरिंज असते. १०० युनिट तीव्रतेसाठी नारिंगी टोपणाची. ४० च्या बाटलीतून नारिंगी टोपणाच्या सिरिंजने २० च्या खुणेपर्यंत इन्सुलिन ओढले तर शरीरात २० नव्हे, केवळ ८ युनिट जातात. याउलट १०० तीव्रतेचे इन्सुलिन लाल टोपणाच्या सिरिंजने २० च्या खुणेपर्यंत ओढले तर ५० युनिट जातात. पेनचे कार्ट्रिज शिल्लक आहे म्हणून त्यातून सिरिंजने इन्सुलिन काढण्याचा मोह यासाठीच टाळावा. बाटलीवरील आकडा आणि सिरिंजवरील आकडा एकच आहे ना, हे घरातील शाळकरी मुलाकडून रोज वाचून घेतले तरी चालेल.

फ्रीज नसलेल्या घरात

न उघडलेले इन्सुलिन २ ते ८ अंश सेल्सिअस तापमानात ठेवावे. फ्रीजमध्ये ते बर्फाच्या कप्प्यात ठेवू नये. गोठलेले इन्सुलिन वितळले तरी निकामीच असते. दारात ठेवण्यापेक्षा मधल्या खणात ठेवणे बरे. सध्या वापरात असलेली बाटली २५ ते ३० अंशांपर्यंतच्या सावलीच्या, थंड जागी चार आठवडे ठेवता येते.

परंतु मराठवाडा-विदर्भाच्या उन्हाळ्यात पत्र्याच्या घरात किंवा उसाच्या फडाजवळच्या कोपीत ३० अंश कोठून आणावयाचे? येथे आपला माठच उपयोगी पडतो. मोठ्या मातीच्या कुंडीत वाळू घालून तीत लहान मडके ठेवावे, वाळू पाण्याने ओली ठेवावी, बाटली प्लास्टिकच्या घट्ट डबीत घालून मडक्यात ठेवावी आणि वर ओले फडके झाकावे. हे सारे सावलीत, वारा लागेल अशा जागी असावे. पाण्याची वाफ होताना उष्णता ओढली जाते आणि मडके बाहेरच्या हवेपेक्षा बरेच थंड राहते. कोरड्या हवेत ही युक्ती उत्तम चालते. कोकणात किंवा पावसाळ्यात हवा दमट असल्याने गारवा कमी येतो. एस.टी.ने प्रवास करताना इन्सुलिन सामानाच्या टपावर किंवा इंजिनाजवळ न ठेवता स्वतःजवळच्या पिशवीत ओल्या फडक्याजवळ, पण डबी कोरडी राहील अशा बेताने न्यावे.

पाण्यासारखे स्वच्छ दिसणारे इन्सुलिन गढूळ झाले, किंवा दुधाळ इन्सुलिन हलविल्यावरही त्यात गुठळ्या राहिल्या, बाटलीच्या आतून पापुद्रे दिसले, तर ते टाकून द्यावे. दुधाळ इन्सुलिन टोचण्यापूर्वी बाटली तळहातांमध्ये दहा वेळा फिरवावी व दहा वेळा हलकेच उलटसुलट करावी. जोराने हलवू नये.

साखर उतरणे आणि आजारपणाचे दिवस

इन्सुलिन घेणाऱ्याच्या घरात दोन प्रसंगांची तयारी सर्वांनी ठेवावी.

पहिला प्रसंग साखर उतरण्याचा. घाम सुटणे, हात थरथरणे, छातीत धडधडणे, चिडचिड, बोलणे असंबद्ध होणे ही लक्षणे दिसताच, आणि रक्तशर्करा ७० मिलिग्रॅमपेक्षा खाली गेली असता, तीन चमचे साखर किंवा ग्लुकोज पाण्यात विरघळवून द्यावे. पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासावे. न वाढल्यास पुन्हा द्यावे आणि नंतर भाकरी, पोळी असे काही खायला द्यावे. ज्यांना अकार्बोज किंवा व्होग्लिबोज या गोळ्या चालू आहेत, त्यांच्यात साखर लवकर चढत नाही. त्यांनी ग्लुकोजच जवळ बाळगावे. रुग्ण बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही ओतू नये; त्याला कुशीवर वळवून तातडीने रुग्णालयात आणावे. एकादशीचा उपवास, रमजानचे रोजे, वारीतील चालणे, लग्नसराईतील अवेळी जेवण यांपूर्वी डॉक्टरांशी बोलावे. बहुतेकदा डोस व वेळ जुळवून देता येते. काही रुग्णांना मात्र उपवास करू नका, असेच सांगावे लागते.

दुसरा प्रसंग ताप, जुलाब, उलट्या यांचा. याच वेळी घरातील लोक इन्सुलिन थांबवितात आणि येथेच मोठी चूक होते. आजारपणात खाणे कमी झाले तरी साखर वाढू शकते. पहिल्या प्रकारच्या रुग्णाचे दीर्घकाळ काम करणारे इन्सुलिन उपाशी असतानाही पूर्णपणे बंद करू नये. साखर दर काही तासांनी तपासावी, पाणी थोडेथोडे देत राहावे आणि डॉक्टरांना कळवावे. उलट्या थांबत नसतील, श्वास खोल व जलद चालत असेल, श्वासाला पिकलेल्या फळासारखा वास येत असेल किंवा रुग्ण गुंगीत असेल, तर वाट न पाहता रुग्णालय गाठावे.

सोयी आहेत, पण एक जागा मोकळी आहे

शासकीय रुग्णालयांतील असंसर्गजन्य रोग कक्षांत मधुमेहाची तपासणी व औषधे विनामूल्य मिळतात; जन औषधी केंद्रांत मधुमेहाची औषधे अल्प दरात मिळतात. महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजना ही प्रामुख्याने रुग्णालयात दाखल होऊन घ्यावयाच्या उपचारांसाठी आहे. धर्मादाय रुग्णालयांनी १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी विनामूल्य व १० टक्के खाटा दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात ठेवाव्यात आणि एकूण देयकांच्या २ टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत जमा करावी, अशी व्यवस्था मुंबई उच्च न्यायालयाने मान्य केलेल्या २००६ च्या योजनेनुसार आहे. पात्र कुटुंबांनी शिधापत्रिका अथवा उत्पन्नाचा दाखला घेऊन आमच्या समाजसेवा अधीक्षकांना अवश्य भेटावे.

या साऱ्या व्यवस्थेचा भर खाटेवर आहे, हे मात्र ध्यानात घ्यावे लागते. रुग्ण खाटेवर असतो चार दिवस. उरलेले दिवस तो घरी, शेतात, फडात, शाळेत असतो. अतिदक्षता विभागातील चार दिवसांसाठी योजना आहे, निधी आहे, नियम आहे. ते चार दिवस टाळणाऱ्या तीन बाटल्यांची तजवीज मात्र अनेकदा कोणाच्याच खात्यात नसते. धर्मादाय संस्थेने नेमकी ही मोकळी जागा भरावी, असे आम्हांस नम्रपणे वाटते.

विभागात आता काय बदलले

त्या मुलीच्या प्रसंगानंतर विभागाने तीन साध्या गोष्टी सुरू केल्या. इन्सुलिन घेणाऱ्या प्रत्येक रुग्णाच्या पत्रिकेवर आता रोजचे युनिट, हातातील युनिट आणि ते संपण्याची तारीख लिहिली जाते. बाहेरगावी कामास जाणाऱ्या कुटुंबांना निघण्यापूर्वी संपूर्ण हंगामाचा हिशेब करून दिला जातो आणि जेथे जाणार तेथील जवळचे शासकीय रुग्णालय कोणते, तेही लिहून दिले जाते. तिसरी गोष्ट, ज्यांची तारीख उलटून गेली आणि जे आले नाहीत, त्यांची वेगळी वही ठेवली आहे. दर सोमवारी ती उघडून परिचारिका दूरध्वनी करतात. पुष्कळदा उत्तर साधे असते : एस.टी.ला पैसे नव्हते, लावणी चालू होती, सासू आजारी होती.

देणगीदारांना यातून एक विनंती करावीशी वाटते. इमारतीच्या देणगीचा फलक लागतो आणि तो लागावाच. परंतु एका मुलाच्या वर्षभराच्या इन्सुलिनची व पट्ट्यांची जबाबदारी घेणे, ही देणगी भिंतीवर दिसत नसली तरी तिचे मोल कमी नाही. ती एकरकमी मोठी असण्यापेक्षा दरवर्षी न चुकता येणारी असावी, कारण रोगालाच खंड नाही. विश्वस्तांना विनंती अशी की, औषध भांडारात किमान दोन महिने पुरेल एवढा इन्सुलिनचा साठा, फ्रीजमध्ये तापमापक आणि वीज गेल्यास पर्यायी व्यवस्था, यांची तरतूद अंदाजपत्रकात कायमची असावी.

नातेवाइकांना सांगणे एकच आहे. इन्सुलिन कमी पडू लागले तर ते पुरवून वापरू नका. संपण्यापूर्वी आम्हांला कळवा. पैसे नाहीत हे सांगण्यात कमीपणा नाही. ती मुलगी पुढच्या हंगामात आजीजवळ गावी राहिली आणि शाळेतही गेली. आईने कारखान्यावरून निरोप पाठविला होता, तो आमच्या वहीत टिपलेला आहे : 'बाटली पंधरा तारखेला संपेल, आजीला पाठवते.' आजी तेरा तारखेलाच येऊन बाटल्या घेऊन गेली.